दाबण्याच्या नाना तऱ्हा

कामावरून थकून आलेल्या माणसाचे पाय दाबून देणे ही आपल्याकडची जुनीच रीत. हल्ली मात्र शिआत्सू, थाई मालिश, अ‍ॅक्युप्रेशर अशी नावे कानी पडतात आणि यातले गुणकारी कोणते, असे वाचक भगिनी आम्हाला विचारतात.

शिआत्सू जपानचे. ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सु’ म्हणजे दाब. तोकुजिरो नामिकोशी यांनी १९४० साली टोकियोत त्याची शाळा काढली. त्याहून जुनी आम्मा ही मालिश. तिच्यावर जपानमधील अंध माणसांनी शतकानुशतके पोट भरले. आजही तेथे या कामाला किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि सरकारी परीक्षा लागते. आपल्याकडे दोन दिवसांच्या शिबिरात ‘तज्ज्ञ’ होता येते!

थाई मालिश जमिनीवर गादी घालून, अंगावरच्या कपड्यांनिशी करतात. अंगठे, कोपर, गुडघे, प्रसंगी पायांनीही दाब देतात आणि हातपाय ताणतात. बँकॉकच्या वाट फो विहारात दाबाच्या जागा दाखवणारे शिलालेख आहेत. २०१९ साली युनेस्कोने या मालिशीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. थाई लोक तथागतांचे वैद्य जीवक यांना या विद्येचे गुरू मानतात. विनयपिटकातील जीवक मात्र भगवंतांच्या अंगाला काही दिवस स्निग्ध पदार्थ लावायला सांगतात, आणि पारंपरिक थाई मालिशीत तर तेल नसतेच. तेव्हा हे नाते श्रद्धेचे, असे आमचे मत.

तळव्यांची रिफ्लेक्सॉलॉजी अमेरिकेची. युनिस इंगहॅम या बाईंनी १९३० च्या दशकात तळव्यावर शरीराचा नकाशा मांडला : येथे मूत्रपिंड, तेथे यकृत. दाबल्यावर बरे वाटते, शीणही जातो. पण तळवा दाबून मूत्रपिंड सुधारते याला पुरावा नाही. आखडलेली मान, भरून आलेली कंबर यांना कुठल्याही पद्धतीचा बेताचा दाब आराम देतो, आजार त्याने जात नाही.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. आमच्या आईला मधुमेह आहे. एका शिबिरात ‘साखर उतरते’ असे सांगून तिला टोकेरी प्लास्टिकची पट्टी विकली. ती रोज त्यावर उभी राहायची. मधुमेहाने तळव्याची जाणीव गेलेली, त्यामुळे जखम झालेली कळलीच नाही. दोन महिने मलमपट्टी चालली. घरात असे कुणी असेल तर टोकेरी वस्तू पायाखाली देऊ नका. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर ती मुळीच चोळू नका, तडक दवाखाना गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

ती पट्टी आता माळ्यावर आहे. रात्री आईचे पाय आम्ही हातानेच दाबतो, आधी दोन्ही तळवे दिव्याखाली नीट बघून.