नक्षीचेही व्याकरण असते

व्याकरण म्हटले की भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण नक्षीलाही व्याकरण असते, असे ठणकावून सांगणारा एक इंग्रज वास्तुविशारद एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव ओवेन जोन्स. त्याने बुलढाणा जिल्हा कधी पाहिला नाही. तरीही आज या जिल्ह्याने त्याच्याकडून काही शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८३४ मध्ये पंचविशीतला जोन्स आपला फ्रेंच मित्र ज्यूल्स गूरी याच्याबरोबर स्पेनमधल्या अल्हांब्रा या मुस्लिम राजांच्या महालात राहिला. दोघांनी तिथल्या भिंती, कमानी, वेलबुट्टी मापून कागदावर उतरवली. गूरी तिथेच पटकीने दगावला. जोन्स १८३७ मध्ये पुन्हा गेला आणि काम तडीस नेले. पुढे १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात हिंदुस्थानी कापडावरचे नक्षीकाम पाहून तो हरखून गेला. १८५६ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात शंभर रंगीत चित्रे आणि सदतीस सूत्रे आहेत. त्यांचे सार असे, की आधी बांधणी, मग सजावट. आणि वेल कितीही वळली तरी तिचा माग देठापर्यंत लागला पाहिजे. शिवाय त्याची तंबी होती : नमुने उचलू नका, त्यामागचा नियम समजून घ्या.

असे नियम शिकायला आपल्याला स्पेनला जायला नको. मोताळा तालुक्यात रोहिणखेडला खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली दगडी मशीद आहे. लोणारला दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची समाधी आहे. राजा हिंदू, पण समाधीच्या कमानी दख्खनी मुसलमानी वळणाच्या! त्याच परिसरात २०२४ मध्ये जतनाचे काम चालू असताना शिवमंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. नक्षीच्या भाषेने धर्माची वेस कधीच ओलांडली होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

या मोठ्या वास्तूंकडे सरकारचे थोडेफार लक्ष असते. मला काळजी आहे ती गावोगावच्या बिननावाच्या वारशाची : वाड्याची चौकट, बारवेतला कोनाडा, दर्ग्याची जाळी, देवळाचा खांब. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांच्यावर ऑइलपेंटचे थर चढतात, वर चकचकीत फरशा बसतात. भावना चांगलीच असते. पण खाली काय होते, हे पुढच्या पिढीला कळायला मार्गच उरत नाही.

उपाय फारसा खर्चाचा नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांसाठी आपली मुले संकल्पचित्रे काढतात, भूमितीचा सराव करतात. बहुतेकदा तो सराव जुन्या प्रश्नपत्रिकांवरून होतो. त्याऐवजी चित्रकला शिक्षकांनी वर्षातला एक रविवार मुलांना गावातल्याच जुन्या वास्तूपाशी न्यावे. एकाने टेप धरावा, दुसऱ्याने माप लिहावे, तिसऱ्याने रेघ ओढावी. कागदावर गाव, तारीख आणि माप घालून तो शाळेच्या कपाटात जपून ठेवावा. शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, हे खरे. म्हणून पालकांनीही सोबत जावे.

आणि गावकऱ्यांना एवढीच विनंती, की रंगाचा डबा उघडण्यापूर्वी या मुलांना एकदा बोलवा.