परिचारिका हवी, पण आपल्या घरातली नको!

नाशिकचे इंदिरानगर ही सुशिक्षित, स्थिरस्थावर झालेल्या मध्यमवर्गाची वस्ती. ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडची मुद्रणालये, बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांतून निवृत्त झालेली पिढी सकाळी तेथील जॉगिंग ट्रॅकवर भेटते. अनेकांची मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. घरात मागे राहिलेल्या दोघांपैकी एक जण अंथरुणाला खिळला, की दुसऱ्याची पहिली शोधाशोध सुरू होते ती परिचारिकेसाठी. जखमेची मलमपट्टी, इन्सुलिनची मात्रा, नळीवाटे द्यावयाचे अन्न, पाठीला होऊ पाहणारे व्रण ही कामे केवळ मायेने होत नाहीत. त्यांना शिक्षण लागते. 'चांगली सिस्टर मिळाली, हे आमचे नशीबच', असे मग शेजारीपाजारी कौतुकाने सांगितले जाते.

मात्र याच घरातली बारावीतली नात 'मला नर्सिंगला जायचे आहे' असे म्हणाली, तर दिवाणखान्यात क्षणभर शांतता पसरते. डॉक्टर नाही तर निदान फिजिओथेरपी, फार्मसी, अगदीच नाही तर साधी बी.एस्सी.; पण नर्स? लोक काय म्हणतील, रात्रपाळ्या कशा करील, स्थळे कशी येतील, असे प्रश्न एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. जी सेवा घराला हवी आहे, ती करणारी मुलगी मात्र सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून, मराठवाड्यातून नाहीतर केरळातून यावी, अशी ही न बोललेली अपेक्षा आहे. सेवेचा गौरव व्यासपीठावर करावयाचा आणि सेवेचे शिक्षण दुसऱ्याच्या मुलीने घ्यावयाचे, ही विसंगती सेवाकार्याची परंपरा सांगणाऱ्या समाजाला शोभणारी नाही.

ही अढी आपल्या परंपरेतून आलेली आहे, असेही म्हणता येत नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा तेथे आहे. परिचारक हा वैद्याचा हरकाम्या नव्हे, तर चिकित्सेचा स्वतंत्र आधार आहे, ही दृष्टी या भूमीत फार जुनी आहे. आधुनिक काळातही महाराष्ट्राने हा वसा सोडलेला नव्हता. पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई फुले यांनी १८९७ साली देह ठेवला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिका-शिक्षणासाठी हिंदू घरांतील स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठविले. त्यांत विधवा भगिनीही होत्या. परक्या रुग्णाला स्पर्श करणे, घराबाहेर राहणे, पगार घेणे या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या पांढरपेशा समाजाला रुचणाऱ्या नव्हत्या. रमाबाईंनी टीका सोसली. पण पाऊल मागे घेतले नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही तेच आक्षेप इंदिरानगरच्या दिवाणखान्यात ऐकू यावेत, हे आत्मपरीक्षण करावयास लावणारे आहे.

या अढीची किंमत आज रोकडीने मोजावी लागते, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानात आलेले नाही. बी.एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष २०२३ पासून स्वतंत्र सीईटी घेत आला आहे. तिचे अर्ज भरण्याची मुदत बहुधा बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच संपते. त्या वेळी घरात चर्चा असते ती केवळ 'नीट'ची. २०२४ साली 'नीट'साठी नोंदणी करणाऱ्यांची संख्या २४ लाखांच्या घरात होती आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे वीसातील एकोणीस जणांना दुसरा मार्ग शोधावाच लागणार, हे गणित आधीच स्पष्ट असते. तरीही निकाल लागेपर्यंत नर्सिंगचे नाव काढणे अशुभ मानले जाते. निकाल लागतो आणि मग धावपळ सुरू होते. तोपर्यंत सीईटी होऊन गेलेली असते. उरतात त्या व्यवस्थापन कोट्यातील जागा, परराज्यातील महाविद्यालयांची जाहिरातपत्रके आणि 'प्रवेशाची हमी' देणारे दलाल. ज्या अभ्यासक्रमाकडे वर्षभर तुच्छतेने पाहिले, त्याच अभ्यासक्रमासाठी मग लाखो रुपये मोजले जातात.

येथे आणखी एक हानी होते. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असणे ही तिची अट आहे. मात्र हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थिनींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास तो लागू नाही. वेळेवर न भरलेला एक अर्ज चार वर्षांच्या शुल्काएवढा महाग पडतो, तो असा.

मार्ग तसा सरळ आहे; तो वेळेवर माहीत असला पाहिजे, इतकेच. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. विज्ञान विषयांत एकत्रित ४५ टक्के गुण खुल्या गटासाठी आवश्यक आहेत आणि प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. भारतीय परिचर्या परिषदेने ठरविलेल्या आराखड्यानुसार प्रवेश परीक्षेत या चार विषयांना प्रत्येकी २० आणि परिचर्येच्या कलास, म्हणजे वृत्ती व समज तपासणाऱ्या भागास, २० असे १०० गुण असतात. त्यात गणित नाही. इंग्रजीचा वाटा पाचवा हिस्सा आहे, हे मात्र मराठी माध्यमातील मुलींनी अकरावीपासूनच ध्यानात घ्यावे; पुढील सारे शिक्षणही इंग्रजीतूनच होते.

बारावीला विज्ञान नसेल, तरी दार बंद होत नाही. कला वा वाणिज्य शाखेतून ४० टक्के गुण आणि इंग्रजी घेऊन उत्तीर्ण झालेली मुलगी तीन वर्षांच्या जी.एन.एम. पदविकेस पात्र असते. ती पूर्ण करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली, की दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून तिलाही पदवीधर होता येते. त्यापुढे एम.एस्सी. आणि विद्यावाचस्पती पदवीपर्यंतचा जिना उभा आहे. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. 'नर्सिंग म्हणजे आयुष्यभर सुई टोचणे', असे मानणाऱ्यांनी हा जिना एकदा मोजून पाहावा.

ज्या घरात राष्ट्रसेवेचा संस्कार आहे, त्या घराला तर आणखी एक दार खुणावते. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेची सहा परिचर्या महाविद्यालये मिळून वर्षाला सुमारे २२० मुलींना बी.एस्सी. नर्सिंगसाठी घेतात. त्यांपैकी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे 'अश्विनी' नौदल रुग्णालय ही दोन महाराष्ट्रातच आहेत. येथील निवडीत 'नीट'चे गुण धरले जातात, त्यामुळे त्या परीक्षेसाठी केलेले श्रम वाया जात नाहीत. शिक्षणानंतर मुलगी लष्करी परिचर्या सेवेत लेफ्टनंट म्हणून रुजू होते. खांद्यावर तारे घेऊन जखमी जवानाच्या उशाशी उभी राहणारी कन्या कोणत्या घराला नको असेल? पण हा मार्ग माहीत असणारी घरे किती, हा प्रश्न उरतोच.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी स्वतः तपासल्या पाहिजेत. महाराष्ट्रातील परिचर्या पदवी महाविद्यालये बहुतांशी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात आणि १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. इंदिरानगरच्या पालकाला संलग्नतेची खातरजमा करण्यासाठी शहराबाहेरही जावे लागत नाही. दुसरी गोष्ट नोंदणीची. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करण्यास जो अभ्यासक्रम पात्र ठरत नाही, तो कितीही चकचकीत इमारतीत चालत असला, तरी त्यातून परिचारिका घडत नाही. सहा महिन्यांत वा वर्षभरात 'नर्सिंग'चे प्रमाणपत्र देणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांतून फार तर रुग्ण-मदतनीस तयार होतो. तिसरी गोष्ट रुग्णालयाची. परिचर्या ही फळ्यावर शिकता येत नाही. महाविद्यालयाशी निगडित रुग्णालय कोणते, त्यात खाटा किती आणि त्या खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

या व्यवसायाविषयीचे सगळेच आक्षेप पोकळ आहेत, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. केंद्र शासनाच्या सेवेत नर्सिंग ऑफिसरला सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपये मूळ वेतनाची श्रेणी मिळाली. एम्सची पदे भरण्यासाठी २०२० पासून स्वतंत्र सामाईक परीक्षाही सुरू झाली. खासगी रुग्णालयांतील चित्र मात्र बहुधा निराळे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २० हजार रुपये मासिक वेतन असावे आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी शासकीय वेतनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. येथे सेवाभावी संस्थांची जबाबदारी मोठी आहे. समाजातील अनेक सज्जन रुग्णालयांचे विश्वस्त आहेत. 'सेवा' या शब्दाच्या आडून परिचारिकेला तुटपुंजे वेतन देणे ही सेवा नव्हे. तिच्या वेतनाचा, निवासाचा आणि रात्री सुरक्षित घरी परतण्याचा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यावयास हवा. मध्यमवर्गाच्या मुली या व्यवसायात येऊ लागतील, तेव्हा हे प्रश्न मांडणारा आवाजही बळकट होईल, हा त्याचा आणखी एक लाभ.

केरळातील ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या आपल्या मुली या क्षेत्रात पाठविल्या. त्याविषयी कुजबुज करणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः तेथे तक्रारीला जागा नाही, अनुकरणाला आहे. त्या घरांनी या कामात कमीपणा मानला नाही, शिक्षणासाठी कर्ज काढले, मुलीला दूरदेशी धाडले आणि तिच्या कमाईवर घरे उभी राहिली. आज जगाला परिचारिका हव्या आहेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. देशांतर्गत गरजही मोठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपये खर्चून १५७ नवी शासकीय परिचर्या महाविद्यालये काढण्यास मंजुरी दिली आणि त्याच वर्षी संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदा संमत केला. शासन आपल्या परीने दार उघडत आहे. अडसर आहे तो घराच्या आतल्या बाजूने लावलेला.

हा अडसर काढण्याचे काम कार्यकर्ता सहज करू शकतो. जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून खाट आणि व्हीलचेअर नेणारे कुटुंब वस्तीतील कार्यकर्त्याला परिचयाचे असते. त्याच परिचयाच्या बळावर दिवाळीच्या सुट्टीत अकरावी-बारावीच्या मुलामुलींची व पालकांची एक बैठक वस्तीत घेता येईल. तेथे एखादी अनुभवी परिचारिका बोलावी, सीईटीच्या अर्जाचे वेळापत्रक समजावून द्यावे, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र ही कागदपत्रे आधीच काढून ठेवण्यास सांगावे. वनवासी कल्याण आश्रमाच्या वसतिगृहांतील मुलींपर्यंत हीच माहिती आणि इंग्रजीचा सराव पोहोचावा. इंदिरानगरातील निवृत्त शिक्षकांना यापेक्षा अधिक सार्थ काम कोणते?

परिचर्येला देवत्व देण्याची गरज नाही. तिला प्रतिष्ठेचा व्यवसाय मानले, तरी पुरे. आजोबांच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेला 'सिस्टर' म्हणून आदराने हाक मारणारे घर, आपल्या नातीच्या तोंडी तोच शब्द आला की अडखळते. त्या दिवशी ते अडखळले नाही आणि 'अर्जाची शेवटची तारीख कोणती?' एवढेच त्याने विचारले, तर रमाबाईंनी शतकापूर्वी टाकलेले पाऊल खऱ्या अर्थाने पुढे पडले, असे म्हणता येईल.