जरा नजर टाका

दिवाळीचा बोनस हातात पडला की आपल्या गॅरेजात एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागतं. त्याची गाडी बिघडलेली नसते, कारण त्याच्याकडे गाडीच नसते. ओळखीच्या ओळखीतून त्याला एक वॅगन आर सापडलेली असते. २००९ची, सव्वा लाख सांगताहेत, एक-दहापर्यंत येईल. सोबत एजंट असतो, नाहीतर मेव्हणा. "उस्ताद, जरा नजर टाका ना." आपण हातातला पाना खाली ठेवतो, चिंधीला हात पुसतो, बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो, कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "गाडी चांगली आहे. घ्या." मग चहा होतो. पैशांचं तो विचारत नाही, आपण सांगत नाही.

या दहा मिनिटांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. राहून जात होतं, कारण त्यात माझीही एक गोष्ट आहे आणि ती फारशी अभिमानाची नाही.

मासिकाचं काम अंगावर घेण्याआधी भोसरीत माझं स्वतःचं गॅरेज होतं. तळेगावात राहणारा, चाकणला कामाला जाणारा एक मुलगा असाच गाडी दाखवायला आला. कंपनीची बस त्याच्या बाजूला येत नव्हती आणि पावसाळ्यात तिसऱ्या पाळीला दुचाकीवरून जायला घरचे नको म्हणत होते. नव्वद हजारांची छोटी गाडी. इंजिनचा आवाज स्वच्छ, धूर नाही, गिअर लोण्यासारखे पडत होते. मी म्हटलं, घे. तिसऱ्या महिन्यात रात्री साडेदहाला तळेगाव-चाकण रस्त्यावर टाइमिंग बेल्ट तुटला. वॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. काम त्याने दुसरीकडे करून घेतलं. माझ्याकडे भांडायलासुद्धा आला नाही, हे मला जास्त लागलं. बेल्ट कधी बदललाय हे मी विचारलंच नव्हतं. वरच्या कव्हरचे बोल्ट खोलून बेल्टवरच्या चिरा बघायला किती वेळ लागला असता?

पुढे बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. 'गाडी चांगली आहे' म्हणताना मला म्हणायचं होतं, 'आज, आत्ता, उभ्या उभ्या मला काही दिसत नाही.' त्याने ऐकलं ते, 'आता वर्षभर बघायला नको.' आपल्या धंद्यातली अर्धी भांडणं या दोन वाक्यांमधल्या फटीतून येतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 'चांगली आहे' हे वाक्य जुनी गाडी तपासताना आपण तोंडातून काढूच नये. गिऱ्हाइकाला गाडीचा स्वभाव नको असतो. पहिल्या वर्षात तिला किती पैसे लागतील, हा आकडा त्याला हवा असतो. आणि तो सांगू शकेल असा माणूस त्या सगळ्या व्यवहारात एकच असतो, तो म्हणजे आपण.

त्यातही रोज कामावर जायला घेतलेली गाडी म्हणजे वेगळा हिशेब. रविवारी देवदर्शनाला निघालेली गाडी बंद पडली तर चिडचिड होते. सोमवारी सकाळी सहाला ती सुरू झाली नाही तर खाडा पडतो. रोज पन्नास किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे वर्षाला १४,४०० किलोमीटर. अ‍ॅव्हरेज सोळाचा असेल तर ९०० लिटर पेट्रोल. इंजिन थकलेलं असेल आणि बाराच देत असेल तर १,२०० लिटर. पेट्रोल शंभराच्या वर आहे, तेव्हा फरकच तीस हजारांच्या पुढे जातो. एजंटाशी तासभर घासाघीस करून पाच हजार कमी केल्याचा आनंद पहिल्या दोन महिन्यांतच सायलेन्सरमधून निघून जातो. शिवाय ज्या गाडीची किंमत एक-दहा आहे, ती वर्षाला जवळपास तेवढ्याचंच पेट्रोल पिणार आहे. हे कागदावर मांडून दाखवलं की गिऱ्हाईक पाच मिनिटं गप्प बसतं. बसू द्यावं.

म्हणूनच त्याच पैशात मिळणारी रुबाबदार सेडान त्याने घेऊ नये असं मी सांगतो. विकत घेताना ती सव्वा लाखाची असते, पण तिचा सस्पेन्शन आर्म आणि हेडलॅम्प अजून बारा लाखांच्या गाडीचेच असतात. रोजच्या कामाला गाडी कंटाळवाणी असावी. जिचा क्लच प्लेटचा सेट तालुक्याच्या गावातल्या स्पेअरच्या दुकानात फळीवर पडलेला असतो, ती. मारुती ८०० बंद होऊन २०१४पासून इतकी वर्षं झाली, तरी तिचं सामान अजून कुठेही मिळतं ही काही साधी गोष्ट नाही.

आता तपासणीकडे. नव्याने गॅरेज टाकलेल्या पोरांसाठी थोडं सविस्तर लिहितो. जुन्यांनी हसावं, पण वाचावं.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या. गार इंजिन पहिल्या सेल्फला काय बोलतं ते गरम इंजिन कधीच सांगत नाही. टॅपेटचा आवाज, चेनची खरखर, निळा धूर हे सगळं पहिल्या मिनिटात दिसतं आणि ऐकू येतं. मग चालू इंजिनवर ऑइल कॅप उघडा. बॅक कॉम्प्रेशन मारत असेल तर कॅपच्या जागी तळहात धरला की कळतं, मीटर लागत नाही. विक्रीआधी इंजिनात जाड ऑइल भरून धूर दाबायची युक्ती जुनी आहे, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घेऊन बघा. रेडिएटरचं झाकण गाडी गार असतानाच उघडा. आत तेलकट तवंग दिसला तर पुढचं काही न बघता गिऱ्हाइकाला घरी पाठवलं तरी चालेल.

२०१३नंतरच्या गाडीला स्कॅनर लावाच. आणि 'कोड नाही' एवढ्यावर खूश होऊ नका. काल रात्री कुणी कोड पुसले असतील, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवली असेल, तर कोड नसतोच. त्याच स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर दिसतात. ते पूर्ण व्हायला गाडी बरीच चालावी लागते. जी गाडी 'रोज चालवतो हो' म्हणून सांगतात तिचे निम्मे मॉनिटर अपूर्ण असतील, तर त्या माणसाला नुसतं विचारा, "काल काय काम केलं?" उत्तरापेक्षा चेहरा बघा.

मीटरवर विश्वास ठेवायचे दिवस गेले. बेचाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत कसं? टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असलेला पण इतका जुना टायर म्हणजे गाडी उभी होती किंवा टायर दुसऱ्या गाडीचे आहेत. दोन्ही गोष्टी विचारण्यासारख्या आहेत.

आणि पाणी. २००५च्या जुलैनंतर मुंबईतून आणि २०१९, २०२१च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूर-चिपळूणकडून आलेल्या गाड्या आपल्यापैकी अनेकांनी हाताळल्या आहेत. सीट धुतात, गालिचा बदलतात, सेंट मारतात. पण सीट बेल्ट कुणी शेवटपर्यंत ओढून धूत नाही. तो पूर्ण बाहेर काढा. जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथे मातीची रेघ असते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ आणि फ्यूज बॉक्समागच्या कनेक्टरवरचा हिरवा थर बघा. पुरात बसलेली गाडी आज धावते आणि आठ महिन्यांनी एकेक सेन्सर सोडायला लागते. वायरिंगमधला तो दोष शोधताना गॅरेजवाल्याचे दिवस जातात आणि त्याची मजुरी मागायला तोंड उचलत नाही. किनाऱ्याकडची गाडी असेल तर खालून बॅटरी मारून फ्लोअरचा पत्रा आणि रनिंग बोर्ड बघा. साधं लोहचुंबक खिशात ठेवा. पुट्टीवर ते चिकटत नाही.

एक नवीन बाबही ध्यानात घ्यायला हवी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते सोसणाऱ्या सामानाने गाड्या बांधायला लागले ते एप्रिल २०२३पासून. त्याआधीच्या, त्यातही पंधरा वर्षांच्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप हाताने दाबून बघा. कडक झालेले किंवा फुगलेले असतील तर बदलायचा खर्च पहिल्या वर्षाच्या आकड्यात धरा. सीएनजीची गाडी असेल तर किटची नोंद आरसी बुकात आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे विचारल्याशिवाय डिकी बंद करू नका.

कागद हे आपलं काम नाही असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण तेही खर्चातच येतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी वीस वर्षांपर्यंत ५,००० आणि वीस वर्षांपुढे १०,००० रुपये, वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते याचं कोडं इथे सुटतं. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे कमी भावात येतात. त्यांच्या भावात इथला कर आणि नव्या नोंदणीच्या फेऱ्या मिळवा. आणि विकणाराही तुमचंच गिऱ्हाईक असेल तर त्याला निक्षून सांगा की फॉर्म २९-३० वर सह्या करून एजंटाच्या हवाली करणं म्हणजे गाडी विकणं नव्हे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर त्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक. गाडी मधे कितीही हातांतून गेली असली तरी.

एवढं सगळं दहा मिनिटांत होत नाही. दीड तास लागतो. आणि दीड तास फुकट देता येत नाही, म्हणून आपण दहा मिनिटं देतो. दुखणं इथे आहे.

अमेरिकेत जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपण गाडीला लिंबू बांधतो, तिकडे वाईट निघालेल्या गाडीलाच लिंबू म्हणतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीचा भाव पाडून मागतो आणि मग चांगली गाडी असलेला माणूस बाजारातच येत नाही. उपाय म्हणून त्यांनी हमी, ब्रँडचं नाव, परवाने वगैरे सांगितले आहेत. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं नाव त्यात नाही. मला ते थोडं लागलं, पण आपण फुकटात 'चांगली आहे' म्हणत राहिलो तर नाव यावं तरी कशाला?

फी घ्या. हजार रुपये म्हणजे एक-दहाच्या गाडीचा एक टक्काही होत नाही. जो हजार द्यायला कुरकुरतो त्याला नम्रपणे सांगा की मग मी बघतच नाही. आणि एजंटाचं पाकीट घेऊ नका. हे लिहिताना मला ठाऊक आहे की अनेकांचं महिन्याचं भाडं त्या पाकिटांतून सुटतं. धंदा मंद असताना दोन हजार कुणालाही जड नसतात. पण एजंटाने पैसे दिले की आपली नजर त्याची होते, आणि हे गिऱ्हाइकाला त्या दिवशी नाही तरी पहिला खर्च निघाला की कळतं. फी घ्यायला लागल्यावर माझ्याकडचे दोन एजंट यायचे बंद झाले. त्यांच्या जागी त्यांनीच फसवलेली माणसं यायला लागली. पुढची गाडी घेताना.

या अंकाच्या मधल्या पानावर तपासणीचा एक कोरा तक्ता छापला आहे. झेरॉक्स काढा, गॅरेजचा शिक्का मारा. त्यात 'चांगली / वाईट' असा रकाना नाही. 'लगेच लागणारा खर्च', 'वर्षभरात लागणारा खर्च' आणि 'बघता आलं नाही' असे तीनच आहेत. तिसरा रकाना रिकामा सोडू नका. आणि खाली तुमच्या सहीला जागा मोठी ठेवली आहे.