लाकडी शिपाई आणि खरे दगड

पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून रांगेत उभे करतात आणि मग घरोघर नेऊन बोजारा मिळवितात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही रीत घातली, असे सांगतात. मोठ्यांच्या खऱ्या बैलांचा सण झाला की लहानांच्या लाकडी बैलांचा सण. त्यात कोणास इजा नाही, आनंद मात्र भरपूर.

त्याच दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. सौंसर-पांढुर्ण्याकडील वाचकांस ती ठाऊक आहेच. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. पांढुर्णेकरांनी झेंडा काढावयाचा, सावरगावकरांनी तो राखावयाचा, आणि शस्त्र म्हणजे नदीतील गोटे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले, अशी आख्यायिका आहे. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो आणि दोन्ही गावे पुन्हा शेजारी होतात. परंतु दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आणि १९५५ पासून दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत. वैर नाही, राज्य जिंकावयाचे नाही. तरी रक्त मात्र खरे.

झुंजण्याची हौस माणसाच्या अंगी असते, हे नाकारून चालणार नाही. तिला वाट कोणती द्यावी, एवढाच प्रश्न आहे. युरोपात काही मंडळींनी एक विलक्षण वाट काढली आहे. ते बोटाएवढे शिपाई रंगवून मेजावर लढाई मांडतात, आणि त्यासाठी कधीही नसलेले एखादे राज्यच निर्माण करतात. अठराव्या शतकात जर्मन प्रदेशात तीनशेच्या आसपास लहानमोठी संस्थाने होती. त्यांत आणखी एक बसविणे अवघड नाही. नदी कोठून वाहते, राजधानी कोठे, राजा कोण, पलटणीच्या डगल्याचा रंग कोणता, शेजाऱ्याशी तंटा कशावरून, हे सारे ठरवावयाचे. मग मोजपट्टीने चाल मोजून आणि फासे टाकून जयपराजय पाहावयाचा.

या छंदाच्या मुळाशी मुलांचाच खेळ आहे. १८२६ साली इंग्लंडातील हॉवर्थ गावच्या पॅट्रिक ब्राँटे या पाद्र्यांनी आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्या शिपायांवरून चार भावंडांनी अँग्रिया व गोंडल ही राज्ये कल्पिली, आणि त्यांतील तिघी बहिणी पुढे नामवंत कादंबरीकार झाल्या. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम घालून दिले. मेजावरची लढाई खेळणाऱ्यास खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते ते उमजेल, असा त्यांचा आशय होता. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढलेले ब्रिगेडियर पीटर यंग यांनीही १९६७ साली जे. पी. लॉफर्ड यांच्यासह ‘चार्ज!’ हे पुस्तक लिहिले. त्यातील सिटँगबादची लढाई कोणत्याही इतिहासात सापडावयाची नाही. ज्याने खरे रणांगण पाहिले, त्याने खेळासाठी खोटे रणांगण पसंत केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या खेळात दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, जो दोन्ही राज्ये स्वतः घडवितो त्याला कोणत्याही एकाचा द्वेष करता येत नाही; शत्रूचा शिपाईही त्यानेच रंगविलेला असतो. आमच्या श्रद्धेनुसार नदीचे दोन्ही काठ आणि दोन्ही काठांवरील माणसे एकाच पित्याने घडविली आहेत. हे स्मरणात असेल तर हातातला दगड आपोआप जड होतो.

दुसरी गोष्ट मर्यादेची. मेजावरचे नियम खेळणारेच आधी ठरवितात, म्हणून ते पाळले जातात. पांढुर्ण्यास सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदीचे हुकूमही काढले. लोकांनी ते मानले नाहीत. वरून आलेला नियम परका वाटतो. झाड राहो, झेंडा राहो, दोन गावांची चुरसही राहो. परंतु दगड खाली ठेवावयाचा, हे दोन्ही गावच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ठरविले, तरच ते टिकेल. त्या बैठकीत ज्या घरांतून माणूस गेला त्या घरांतील माताभगिनींनाही बसवावे.

आपल्या कुटुंबांनीही एवढे करावे. आपली मुले ओसरीवर खडूने नकाशा काढून, काड्यापेट्यांचे किल्ले रचून आपापली राज्ये वसवीत असतील, तर ‘काय हा पोरखेळ’ म्हणून त्यांना दटावू नये. खेळ सुरू होण्यापूर्वी नियम ठरवावयास आणि हरल्यावर हात मिळवावयास मात्र अवश्य शिकवावे. तरवारींचे फाळ होण्याचा दिवस यशया संदेष्ट्याने दूरवरून पाहिला होता. नांगर आणि बैल यांचा सण करणाऱ्या आपल्या गावांना त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.