आधी जमीन, मग विनाईल

फुलपाड्याच्या बैठ्या चाळींतून फेब्रुवारी-मार्चपासून रंगाचे डबे उघडू लागतात. १४ एप्रिल जवळ येतो, भिंती उजळतात आणि मग नजर खाली जाते. कोबा फुटलेला, शहाबादी फरशी काळवंडलेली. नवीन लाद्या बसवणे परवडत नाही, म्हणून विनाईलची गुंडाळी घरी येते. एका दुपारी खोलीचे रूप पालटते. पण जुलैत त्याच खोलीत कुबट वास येऊ लागतो, कडा उचलल्या जातात आणि खाली हात घातला तर ओल लागते. घरखर्चातून महिनोन् महिने बाजूला काढलेला पैसा असा वाया जाताना आम्ही पाहिला आहे. म्हणून आज विनाईलच्या नक्षीविषयी नव्हे, तर त्याच्या खालच्या जमिनीविषयी लिहीत आहोत.

काही लोक याला लिनोलियम म्हणतात. खरे लिनोलियम वेगळे. ते जवसाच्या तेलापासून होते आणि १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी ते शोधले. आपल्याकडे येते ते बहुधा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक. त्यातून वाफ आरपार जात नाही. गावाकडची शेणाने सारवलेली जमीन ओल धरी आणि सोडूनही देई. उघडा कोबाही थोडीफार ओल सोडतो. वर प्लास्टिक आले की ओलीची वाट बंद झाली.

आपला फुलपाडा जीवदानीच्या डोंगराखाली, शेजारी पापडखिंडीचे धरण. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे ते भरावातून कोब्यात चढते. एप्रिलमध्ये हीच जमीन खडखडीत कोरडी दिसते, आणि फसगत होते ती इथेच. तेव्हा जमिनीची परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी आणि विनाईल दिवाळीनंतर टाकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जयंतीला घर स्वच्छ असले म्हणजे पुरे. पाहुणा काही जमिनीची नक्षी पाहायला येत नाही.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. उचलल्यावर खालच्या अंगाला थेंब असतील किंवा कोबा तेवढाच काळा पडला असेल तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या अंगाला थेंब असतील तर ती हवेतली दमट. एक तुकडा मोरीजवळ, एक मागच्या भिंतीलगत आणि एक मधोमध लावावा. उन्हाळ्यातच ठरवायचे असेल तर भिंतीचा तळ पाहावा. तिथे रंगाचे पापुद्रे किंवा क्षाराची पांढरी पूड दिसली तर ती मागच्या पावसाची साक्ष समजावी.

ओल निघाली तर आधी मोरीचा नळ, फुटका पाइप आणि बाहेरचे गटार तपासावे. गटार घराच्या जोत्यापेक्षा उंच असेल तर आत काहीही करा, उपयोग नाही. ओल खालूनच असेल तर खरा इलाज म्हणजे कोबा उखडून, खाली जाड प्लास्टिकचा थर देऊन नवा करणे. भाड्याच्या खोलीत तो खर्च मालकाचा आहे, भाडेकरूने अंगावर घेऊ नये. तोवर विनाईल चिकटवू नये. सुटे अंथरावे आणि पावसाळ्यात काढून ठेवावे.

जमीन कोरडी ठरली तर गवंड्याला घाई करू देऊ नये. चुलीजवळचे तेलकट डाग सोड्याच्या गरम पाण्याने काढावेत, रंगाचे ठिपके खरवडावेत. कोबा घासताना पाणी शिंपडावे, तोंडाला रुमाल नव्हे तर चांगला मास्क बांधावा आणि मुलांना बाहेर पाठवावे. ती धूळ फुफ्फुसात बसते. बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. मग दहा फुटांची सरळ पट्टी सगळीकडे फिरवून पाहावी. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसेल तिथे उंचवटा घासावा, खड्डा भरावा. नुसत्या सिमेंटचा पातळ हात दिला तर त्याच्या खपल्या निघतात, म्हणून त्यात लेटेक्स मिसळावे. शहाबादी फरशीचे सांधे तर भरलेच पाहिजेत, नाहीतर काही महिन्यांत प्रत्येक सांधा विनाईलवर उमटतो. नवीन कोबा टाकला असेल तर इंचाला एक महिना या हिशेबाने वाळू द्यावा. वरून पांढरा दिसला म्हणजे आतून वाळला असे नाही.

या साऱ्यात घरच्या बाईला विचारावे. पाणी कुठे साचते, कुठे पाय घसरतो हे रोज जमीन पुसणारीलाच ठाऊक असते. नक्षी पसंत करायला पुरुष पुढे असतात, इथे मात्र तिचे ऐकावे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेले होते, तसे पाणी पुन्हा घरात शिरले तर विनाईल वरून पुसून भागत नाही. ते उचलावे, दोन्ही अंगांनी धुऊन उभे वाळवावे आणि वरची प्लास्टिकची परीक्षा पुन्हा करूनच अंथरावे.