दूरस्थ भौतिकोपचार : उपयोग किती, मर्यादा कोठे?

राजारामपुरीतील माझ्या चिकित्सालयात येणारे संधिगतवाताचे पुष्कळसे रुग्ण कोल्हापूर शहरातील नसतात. चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा अशा तालुक्यांतून ते येतात. सात-आठ दिवस स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती होते, वेदना उतरतात, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवून आपण त्यांना निरोप देतो आणि पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावतो. पुढे रोपलावण निघते, पावसाने रस्ते बंद होतात, नाहीतर चंदगडाहून शंभर किलोमीटरांवरचा एसटीचा प्रवास नकोसा होतो. रुग्ण पुढच्या वर्षी उगवतो, तोच गुडघा घेऊन. चिकित्सा अपुरी राहिली असे आपण म्हणत नाही. रुग्णाने पथ्य पाळले नाही असे म्हणतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आणि पाठोपाठ २०२० च्या टाळेबंदीने आपल्यापैकी अनेकांना दूरध्वनीवरून रुग्ण पाहणे भाग पाडले. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वेही दिली. संकट सरले, सवय मात्र राहिली. व्हिडिओ कॉलवरून व्यायाम शिकवणे व करवून घेणे खरोखर गुणकारी आहे काय, हा प्रश्न म्हणूनच आता शांतपणे विचारला पाहिजे.

गुडघ्यापुरते बोलायचे तर उत्तर होकारार्थी आहे. ऑस्ट्रेलियात जुनाट गुडघेदुखीच्या ३९४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी भौतिकोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटून, निम्म्यांनी व्हिडिओवरून तीन महिन्यांत पाच वेळा मार्गदर्शन घेतले. वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत दूरस्थ गट मागे पडला नाही. कॅनडातील क्वेबेकमध्ये सांधेबदल शस्त्रक्रियेनंतरच्या २०५ रुग्णांवरील २०१५ सालच्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता. पक्षाघाताविषयी मात्र सावध राहावे. २२ चाचण्या व १९३७ रुग्णांचा आढावा घेणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत दूरस्थ पुनर्वसन फारसे उणे दिसले नाही, परंतु उपलब्ध पुरावा बहुतांशी दुबळा वा मध्यम दर्जाचाच ठरवला गेला.

या अभ्यासांत नेमके काय सिद्ध झाले, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. सिद्ध झाला तो व्यायाम, त्याची शिकवण आणि त्याचा पाठपुरावा. अभ्यंग, जानुबस्ती, बस्तिकर्म यांपैकी काहीही तारेवरून जात नाही. घरच्या घरी पंचकर्म ऑनलाइन अशा जाहिराती करणाऱ्यांना या अभ्यासांचा आधार घेता येणार नाही.

आपल्याच परिभाषेत सांगायचे तर दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी दोन परीक्षा पडद्यावरून बऱ्याच अंशी होतात. रुग्ण खुर्चीतून कसा उठतो, पायरी उतरताना कोणता पाय आधी टाकतो, हे चिकित्सालयापेक्षा त्याच्या घरातच अधिक खरे दिसते. अर्धशक्ती व्यायामाची मर्यादा ओलांडली जात आहे काय, हे घामावरून, श्वासावरून, तोंडाच्या कोरडेपणावरून पाहता व विचारता येते. राहतो तो स्पर्श.

तो राहिला तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका जुन्या रुग्णाच्या भावाने पोटरी दुखत असल्याचे व्हिडिओ कॉलवर सांगितले. एका पायावर थोडी सूज दिसत होती. मी त्यास पूर्वी कधी तपासले नव्हते. वातप्रकोप समजून मी तेल चोळून शेकण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी गावातील डॉक्टरांनी पायाला हात लावला, तो एकच पाय गरम व ताठ लागला, आणि त्यांनी तत्काळ रुग्णालयात धाडले. शिरेत रक्ताची गुठळी होती. अशा पायाला मर्दन केल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रुग्ण वाचला, यात माझे श्रेय काहीही नाही.

याउलट चंदगड तालुक्यातील साठीच्या एका मावशींचा गुडघा मी आधी हाताने नीट तपासला होता. दर रविवारी त्यांचा नातू फोन भिंतीला टेकवून ठेवी आणि मावशी माझ्यासमोर पाय उचलून धरीत. पहिल्या महिन्यात त्या श्वास कोंडून धरीत होत्या, तो दोष पडद्यावरच सुधारला. तीन महिन्यांनी मावशी कठड्याचा आधार न घेता देवळाच्या पायऱ्या चढल्या. तेल तेच, व्यायाम तोच. फरक होता तो दर आठवड्याला कोणीतरी विचारते आहे, याचा. तालमीतला वस्ताद पोराची पकड आधी हात धरून बसवतो. पोरगा सुगीला गावी गेला तर बैठका किती झाल्या एवढे विचारूनही मेहनत टिकवतो. हा क्रम उलटा करून चालत नाही.

म्हणून सभासदांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. प्रथम परीक्षा प्रत्यक्षच व्हावी. अगदी अशक्य असल्यास रुग्णाच्या गावातील चिकित्सकाने हात लावून तपासावे व आपणांशी बोलावे. एकाच पायाची नवी सूज, उष्णता, ताप, पडल्यानंतरची वेदना, बधिरता किंवा मलमूत्राचा ताबा जाणे यांपैकी काहीही आढळल्यास फोनवर उपचार सांगू नयेत. व्यायामाची आखणी शक्यतो भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सहकार्याने करावी. त्यात कमीपणा नाही. वार व वेळ ठरवून पंधरा मिनिटे द्यावीत, नोंद ठेवावी आणि माफक शुल्क उघडपणे घ्यावे. फुकटचा सल्ला वैद्यही घाईने देतो आणि रुग्णही हलकेच घेतो. ज्या घरी फोन धरणारे कोणी नाही, तेथे साधा फोन करावा, पण रुग्णास वाऱ्यावर सोडू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर येते आणि महानारायण तेल, योगराज गुग्गुळ पार्सलने रवाना होतात. वैद्यांनी शेवटचे केव्हा पाहिले आणि सूज एकाच पायावर, गरम आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज बाटली देऊ नये. त्या दिवशी एखाद्या दुकानदाराने हे दोन प्रश्न विचारले असते, तर माझी चूक त्याच्या गल्ल्यावरच अडली असती.

दूरस्थ उपचाराला विरोध करून आपण चंदगडच्या मावशींना अंतर देऊ. त्यालाच सर्वस्व मानले तर त्या पोटरीच्या रुग्णाला. हात आधी, पडदा नंतर, एवढा नियम पाळला तर दोघांचेही भले होईल.