परदेशातील पत्ता कोण निवडतो?

पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात परदेशगमनाचे अप्रूप आता उरलेले नाही. पूर्वी एखादा तरुण एकटाच उच्च शिक्षणासाठी जात असे. आज तिशी-पस्तिशीचे जोडपे, शाळेच्या उंबरठ्यावरची मुलगी आणि कडेवरचे तान्हे मूल असा अख्खा संसार विमानात बसतो. नोकरीचे पत्र हाती आले की घरात चर्चा सुरू होते ती पत्त्याची. भाडे किती, स्टेशन किती दूर, आपली माणसे जवळपास आहेत का, वस्ती 'चांगली' आहे का, आणि सर्वांत शेवटी पण सर्वांत काळजीने, शाळा 'चांगली' आहे का?

या प्रश्नांची टिंगल करण्याचे कारण नाही. परक्या भाषेच्या देशात लहान मूल घेऊन उतरणाऱ्या आईबापांची धास्ती खरी असते. मूल रात्री तापाने फणफणले तर कोणाचे दार ठोठवावे, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ओळखीची माणसे शोधावीत यात गैर काय? परंतु 'चांगली वस्ती' या शब्दांची फोड केली की त्यांतून बहुधा एकच अर्थ बाहेर पडतो. जेथे शेजाऱ्याचे उत्पन्न आपल्याइतके किंवा आपल्याहून अधिक आहे ती वस्ती चांगली! घराची निवड ही बाजारातील खरेदी आहे, ज्याची ऐपत मोठी त्याच्या मुलाचे बालपण मोठे, असे गृहीत धरूनच ही सारी चर्चा चालते.

मुळात ही निवड किती जणांच्या वाट्याला येते? रत्नागिरी-रायगडचे हजारो कष्टकरी आखाती देशांत जातात. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंबाला सोबत ठेवायचे तर महिन्याला किमान ४,००० दिरहॅमची, किंवा ३,००० दिरहॅम आणि राहण्याची सोय अशी मिळकत दाखवावी लागते. बांधकामावरच्या मजुराला एवढा पगार क्वचितच मिळतो. त्याचा पत्ता मालक ठरवतो, शहराच्या कडेला असलेला कॅम्प, एका खोलीत अनेक खाटा. त्याची मुले कोकणात आजीपाशी वाढतात आणि बाप त्यांना टेलिफोनच्या पडद्यावर भेटतो. ज्या बांधकामांवर तो राबतो त्यांत इतरांच्या कुटुंबांसाठी घरे होतात, ही बाब तेथील कोणत्याही जाहिरातीत नसते.

ब्रिटनची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण तो देश स्वतःला लोकशाही म्हणवतो. म्हाताऱ्यांची आणि अपंगांची सेवा करण्यास माणसे मिळेनात, म्हणून त्या देशाने परदेशांतून सेवक-सेविका बोलावल्या. त्यांच्यासोबत त्यांची मुलेबाळे येऊ लागताच ११ मार्च २०२४ पासून नियम बदलला. हात चालतील, संसार चालणार नाही! जुलै २०२५ मध्ये या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. जे अभियंते कुटुंबासह जाऊ शकतात त्यांच्याही परवान्यावर सरकारी मदतीचा हक्क नाकारणारी अट असते. ते कर भरतात, आरोग्यसेवेसाठी वेगळा अधिभार भरतात, तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड असा झाला आहे, आणि तरीही नगरपालिकेचे घर किंवा बालभत्ता त्यांना मिळत नाही. सरकारी शाळा त्यांच्या मुलांना खुली आहे. पण शाळेत प्रवेश देताना बहुधा घराचे अंतर पाहिले जाते, आणि नावाजलेल्या शाळेच्या आसपासची घरे त्यामुळेच महाग होतात. फी नसलेल्या शाळेची किंमत अशा रीतीने घरमालक वसूल करतो.

जर्मनीकडे हल्ली महाराष्ट्राचे डोळे लागले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई यांचे नाते १९६८ पासूनचे, दोन्ही शहरांनी एकमेकांना भगिनी मानलेले. तेथे जाणाऱ्या कुटुंबाला बऱ्याच सुखद गोष्टी आढळतील. वर्षाच्या मुलालाही पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, प्रत्यक्षात जागेसाठी ताटकळावे लागते हा भाग वेगळा. सरकारी शाळेला फी नाही. (भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकाचा ओटा आणि शेगडीसुद्धा नसते, आधीचा भाडेकरू ती उचलून नेतो, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.)

पण तेथेही पत्ता मुलाचे भवितव्य ठरवू पाहतो. प्राथमिक शाळा सामान्यतः राहत्या भागावरून ठरते. चौथी संपली, मूल दहा वर्षांचे झाले, की त्याची वर्गवारी होते. एक वाट विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी कारखान्याच्या उमेदवारीकडे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असल्याने ही वर्गवारी दोन वर्षे उशिरा होते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये शिक्षकांच्या शिफारशीचे बंधन २०१२ साली उठले होते, ते २०२५ मध्ये विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळांपुरते काही अंशी परत आले. सातव्या वर्षी जर्मन शिकू लागलेल्या मुलाला ही दोन वर्षे किती मोलाची आहेत हे सांगायला नको. पुण्याहून जाणाऱ्या आईबापांनी स्टेशनचे अंतर मोजण्याआधी हा फरक पाहावा.

या पार्श्वभूमीवर एका शहराचा इतिहास मुद्दाम आठवावा असा आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना हे उपाशी, क्षयाने पोखरलेले आणि घरांच्या टंचाईने गांजलेले शहर होते. १९१९ मध्ये तेथील नगरपालिका सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हाती आली. १९२२ साली शहराला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला, आणि त्यासोबत कर बसविण्याचा अधिकारही. वित्तविभाग सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणीसाठी कर लावला. जितके घर आलिशान तितका दर चढा, त्यामुळे कराचा फार मोठा वाटा मूठभर श्रीमंतांच्या वाड्यांवर पडला. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९३० साली खुला झालेला कार्ल-मार्क्स-होफ एक किलोमीटरहून लांब आहे. त्यात १,३८२ घरे, आणि त्यांसोबत धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, ग्रंथालय व दवाखाना होता. घर म्हणजे चार भिंती नव्हेत, मुलाला सकाळी जेथे सोडता येते आणि आईला जेथे उसंत मिळते ती सारी व्यवस्था म्हणजे घर, ही कल्पना तेथे विटांत उतरली. फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस सरकारच्या सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या आणि पक्षावर बंदी आली.

इमारती मात्र टिकल्या, आणि महायुद्धानंतर बांधणीही पुन्हा सुरू झाली. आज नगरपालिकेची सुमारे २,२०,००० घरे आहेत. मर्यादित नफ्याच्या संस्थांची घरे मिळवली तर जवळपास निम्मे शहर अशा घरांत राहते. त्यांत डॉक्टर आहेत, ट्रामचालकही आहेत, म्हणून पत्त्यावरून माणसाची ऐपत ओळखणे तेथे इतर राजधान्यांइतके सोपे नाही. २००९ पासून नगरपालिकेच्या बालवाडीला फी नाही, जेवणाचा खर्च तेवढा द्यावा लागतो.

व्हिएन्ना स्वर्ग नव्हे. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या कुटुंबाला नगरपालिकेचे घर लगेच मिळत नाही. त्यासाठी साधारणपणे दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना लागतो, आणि तो पाच वर्षांनी मिळतो. तोवर खाजगी घरमालकाचे मुदतबंद करार. ज्या मुलांना जर्मन येत नाही त्यांना २०१८ पासून वेगळ्या वर्गात बसवतात. दहाव्या वर्षीची वर्गवारी तेथेही आहे. शंभर वर्षांपूर्वी कामगारांनी जे मिळवले त्याचे दार नव्या कामगाराला पाच वर्षे अर्धवटच उघडे असते, ही त्या शहरातील समाजवाद्यांनी उत्तर द्यावे अशी गोष्ट आहे. तरीही नव्या भाडेकरूला त्या वारशाचा काही लाभ मिळतोच, कारण जेथे निम्मी घरे नफ्याच्या बाजाराबाहेर असतात तेथे उरलेल्या घरमालकांचा हातही आखडतो.

नेमक्या त्याच दशकात मुंबईतही सरकारने कामगारांसाठी घरे बांधली होती. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळी त्या काळच्या. एकेका कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, शौचकूप सामाईक. व्हिएन्नात घरे बांधताना कामगाराचे मूल कोठे खेळेल हे विचारले गेले, मुंबईत वसाहतवादी सरकारने एका खोलीत किती माणसे मावतील हे विचारले. फरक हवामानाचा नव्हता, नगरपालिकेत कोणाचे प्रतिनिधी बसले होते याचा होता.

परदेशी निघालेल्या कुटुंबाला हे सांगण्याचे प्रयोजन काय? तेथे गेल्यावर तेच कुटुंब मोठ्या कौतुकाने पत्रे पाठवते की येथे मंत्र्याचे आणि मोलकरणीचे मूल एका शाळेत जाते, ट्राम वेळेवर येते, बाग सर्वांची असते. (कौतुकात अतिशयोक्ती असते, पण ते असो.) पुण्यात असताना याच कुटुंबाने महापालिकेच्या शाळेची पायरी चढली नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना दुर्बल घटकांच्या २५ टक्के जागांतून सूट मिळाली. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द ठरविला. त्या काळात कोर्टाची पायरी चढलेल्यांत गरीब मुलांचे पालक होते. सुखवस्तू पालकांचे मोर्चे कोठे निघाल्याचे दिसले नाही.

कोणी म्हणेल, स्वतःच्या मुलाच्या जिवावर तत्त्वांचे प्रयोग करण्याचा अधिकार आईबापांना नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातलेले मूल चार वर्षांनीही शेजारच्या मुलाशी त्याच्या भाषेत भांडू शकत नसेल, तर प्रयोग त्याच्यावरही झालाच. मिश्र वस्तीतील साधी शाळा, चालत जाता येईल अशी बालवाडी, भाषा शिकवणारे अंगण, भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा, या गोष्टी मोठ्या दिवाणखान्यापेक्षा मुलाच्या अधिक उपयोगी पडतात. व्हिएन्नातील १९४५ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या इमारतींना भाडेनियंत्रण लागू आहे, आणि त्याचा लाभ घेण्यास नागरिकत्व लागत नाही. जास्त भाडे घेतले गेले असेल तर ते परत मागता येते. मात्र मागावे लागते.

मतदानाची वाट बराच काळ बंदच राहते. व्हिएन्नातील मतदानाच्या वयाच्या रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक नागरिक नसल्याने नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. २०२१ मध्ये बड्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीची करावीत का यावर बर्लिनमध्ये सार्वमत झाले. निम्म्याहून बऱ्याच अधिक मतदारांनी होकार दिला, पण ज्यांचे भाडे त्या प्रश्नात अडकले होते अशा असंख्य परदेशी भाडेकरूंना त्यात मत नव्हते. भाडेकरूंच्या संघटनेचे सभासद होण्यास पारपत्र विचारत नाहीत, शाळेच्या पालकसभेतही विचारत नाहीत. सभा संध्याकाळी असतात, जर्मनमधून चालतात, आणि पहिल्या दोन-तीन सभांत फारसे काही कळत नाही.